उसन्या गोळ्या

रुखमाबाईचा चेहरा पुन्हा सुजू लागला, तेव्हा नागोरावांनी सगळा दोष डॉक्टरांना दिला. भर वैशाखात गोधडी पांघरून बसणारी, घोगऱ्या आवाजात दोन वाक्ये बोलून दमणारी त्यांची बायको वर्षापूर्वी याच गोळ्यांनी माणसांत आली होती. गळ्यातली ग्रंथी थकली आहे, तिचे काम आता कारखान्यात तयार झालेली ही गोळी करील. रोज उपाशीपोटी एक, जन्मभर. सोडली तर जिवावर बेतेल, असे नागपूरच्या डॉक्टरांनी दोघांनाही बजावले होते. त्यांच्या गावी, बोरी अरबला, ती मिळत नसे. कापसाच्या जिनातल्या कामावर रजा टाकून नागोराव ती यवतमाळहून आणीत.

महिना सरत आला होता. नागोरावांनी बाटली उघडली, तर ती जवळपास भरलेलीच.

"घेत नाहीस काय व तू?"

"रोज घेतो न."

त्यांनी गोळ्या ताटात ओतल्या. सगळ्या पांढऱ्या, पण काही लहान, काही मोठ्या, काहींवर मधोमध रेघ.

"ह्या कोणाच्या?"

"आपल्याच." रुखमाबाई सावकाश म्हणाली. "शेजारच्या कांताबाईचं आंग दुखे, तिले देल्ल्या. तुळसाबाईले थकवा होता, तिलेबी देल्ल्या. फेडल्या न त्याइनं! कांताबाईनं डोकेदुखीच्या आणल्या, तुळसाबाईनं मलेरियावाल्यानं देल्लेल्या. एक जास्तच देल्ली बिचारीनं."

नागोरावांनी कपाळाला हात लावला. "मीठ-मिरची हाय काय हे, उसनं द्याले?"

"दारात आलेल्या बाईले नाही कसं म्हणू? घरात असून?"

"अन् सुजून राह्यली ते?"

त्यांनी ताट उकिरड्यावर रिकामे केले, दुसऱ्याच दिवशी यवतमाळ गाठले आणि नवी बाटली स्वतःच्या पेटीत कुलूपबंद केली.

"रोज मीच देईन."

"जन्मभर?" रुखमाबाईने विचारले. "अन् तुमी आधी गेले त?"

नागोराव चिडले, पुटपुटले, अंगणात दोन फेऱ्या मारून आले. शेवटी त्यांनी किल्ली तिच्यासमोर आदळली.

आठवडाभराने कांताबाई कुडाशी येऊन उभी राहिली. "रुखमाबाई, दोन गोळ्या दे व. उद्या परत करतो."

घरात नागोरावांचा घास हातातच राहिला.

"तेल ने, पीठ ने, माय," रुखमाबाईचा जड आवाज आला. "हे नाही देत."

कांताबाई फणकाऱ्याने निघून गेली. रुखमाबाई आत आली आणि नवऱ्यावरच उखडली, "झालं समाधान? आता बोलणार नाही कांताबाई माह्यासंग!"

"नको बोलू दे," नागोराव म्हणाले आणि घास तोंडात घातला.