चार पानी कागद

आधी तो चहा पिऊन घ्या. मधेच हसू आलं तर ठसका लागेल. माझ्या शहाणपणाची गोष्ट आहे, आणि आजवर मी सोडून घरातले सगळे ती सांगत आले. आज मीच सांगतो.

माझी नात दीक्षा आमच्या सरकारी हायस्कूलात आठवीत होती. तिथे नववीला मोटार दुरुस्तीचा नवा वर्ग निघाला. झालं! पोरीला दुसरं काही सुचेना. माझा मुलगा खाणीवर ट्रक चालवतो. त्या ट्रकाखाली शिरून ही बाहेर आली की सख्खी आई ओळखायची नाही. पण वर्गात जागा मोजक्या. त्यात शाळेत नव्या टीचर आलेल्या. त्या म्हणे परीक्षा घेत नव्हत्या, मुलांचा कल बघत होत्या.

नेमकी तेव्हाच दीक्षा तापाने पडली. रजेची चिठ्ठी द्यायला मी गेलो, तर टीचरनी चार पानी कागद माझ्या हातात दिला.

"आजोबा, घरी नेऊन सावकाश भरायचा. मनात असेल तेच लिहायचं. आणि कोणाला विचारायचं नाही हं!"

आता तुम्हीच सांगा, माझं काय चुकलं? कागद माझ्या हातात, बोलणं माझ्याशी. वर दीक्षाचं नाव लिहिलेलं होतं, पण मी म्हटलं, कोणाचा आजोबा ते कळायला नको?

मी मराठी तिसरीपर्यंत शिकलो. पुढे जन्मभर कारापूरच्या एका कुळागरात सुपारीची झाडं आणि पाटाचं पाणी. चष्मा लावून पहिला प्रश्न वाचला. तुम्हाला कोण व्हायला आवडेल?

एकाहत्तर वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. बापाने नाही. ज्याच्या बागेत राबलो त्या भाटकाराने तर नाहीच. मी दोन दिवस विचार केला. मग लिहिलं, पोस्टमन. लोक आपली वाट बघतात आणि अंधार पडायच्या आत घरी जाता येतं.

एकदा तेवढं लिहिलं आणि हात मोकळा झाला.

शाळेतलं काय आवडतं? सुटायची घंटा.

कोणतं काम जड जातं? खाली बसणं. त्याहून जास्त, उठणं.

घरात कोणाची भीती वाटते? सुनंदाची. जेवण तीच वाढते.

सुनंदा म्हणजे माझी सून, दीक्षाची आई.

दहा वर्षांनी तुम्ही कुठे असाल? देवाघरी. त्याने आधी बोलावलं तरी तक्रार नाही.

कागदाची घडी घातली आणि टीचरच्या टेबलावर ठेवून आलो. छाती हलकी वाटत होती.

दोन दिवसांनी सकाळीच अंगणात स्कूटर थांबली. टीचर पुढे, हेडबाई मागे. दोघींचे चेहरे मयताला आल्यासारखे! सुनंदा सोप्यावर नारळ खवत होती. मी गोठ्यात होतो, पण कान तिकडेच.

"तुम्ही मुलीला पोटभर जेवायला देता ना?" हेडबाईंनी विचारलं.

"देते म्हणजे? काल तापातून उठली आणि चार पाव खाल्ले तिने!"

"मारता?"

"देवा सायबा! सकाळच्या पारी काय विचारता हे?"

"ती तुम्हाला नावाने हाक मारते, बाई. आणि अक्षर बघा, कसं थरथरतंय. मुलगी जिवाला कंटाळलीय."

खोटं कशाला सांगू? गोठ्यात माझा जीव कळवळला. म्हटलं, कोणाचं लेकरू असेल बिचारं!

तेवढ्यात दीक्षा आली. सायकलची चेन बसवून आलेली, हात कोपरापर्यंत काळे.

"बाळ, तुला उठाबसायला कधीपासून त्रास होतो?" टीचरनी जवळ घेऊन विचारलं.

"मला?"

"घाबरू नकोस. मोटारीच्या वर्गात तुझं नाव घातलं नाही आम्ही. अशा मनःस्थितीत हत्यारं नकोत. दुपारी यादी पाठवतोय."

पोरीचा चेहरा खर्रकन उतरला. "पण टीचर, मी कागद भरलाच नाही!"

"मग पोस्टमन कोणाला व्हायचंय?"

आमची गाय रवंथ करायची थांबली. मागच्या दाराने ओहोळाकडे सटकता आलं असतं. पण दीक्षाच्या डोळ्यांत पाणी आलेलं मला गोठ्यातून दिसलं.

"मला," मी म्हटलं.

"आजो! हे काय केलंस तू?"

सुनंदाने कागद घेतला आणि पहिल्या ओळीपासून वाचत गेली. तिसऱ्या पानावर तिने एकदाच माझ्याकडे बघितलं. तिथेच तिचं नाव होतं.

टीचरना मात्र हसून हसून खांबाला धरावं लागलं. दीक्षाने सोप्यावर बसून नवा कागद पाच मिनिटांत भरला. चारही पानांवर तेलकट बोटं. टीचर म्हणाल्या, "उत्तरं वाचायची गरजच नाही!" आणि तिथल्या तिथे तिचं नाव यादीत घातलं.

मला वाटलं, सुटलो.

"आजोबा, तुमचाही कागद मी ठेवून घेणार," टीचर म्हणाल्या. "फक्त खाली पालकांचा शेरा लागतो."

मी काही बोलायच्या आत सुनंदाने पदराला हात पुसले, पेन मागून घेतलं आणि ठळक अक्षरात लिहिलं:

"मुलगा घरात कोणाचं ऐकत नाही. कृपया शाळेतच ठेवून घ्यावा."