खाजण ओळखणारा माणूस

विठ्ठल पाष्टे बहारीनला आला तेव्हा बावीस वर्षांचा होता, आणि त्याचं काम एवढंच होतं की आकडे लिहिलेली उंच पट्टी हातात धरून उन्हात उभं राहायचं. सर्व्हेअर लांबून दुर्बिणीतून बघायचा आणि हाताने खुणा करायचा. डावीकडे, उजवीकडे, थांब. संगमेश्वर तालुक्यातल्या खाडीकाठच्या गावातून आलेल्या या पोराला इंग्रजी येत नव्हतं, अरबी तर नव्हतंच, पण खुणा पहिल्याच दिवशी कळल्या. पाच वर्षांत तो दुर्बिणीच्या मागे उभा राहायला लागला. पुढे सव्वीस वर्षं त्याने या देशाची जमीन मोजली. रस्ते, गटारं, घरांच्या वसाहती, समुद्रात भर घालून केलेली नवी जमीन. सनद नावाच्या वस्तीत आज जिथे तो राहतो त्या गल्लीची पातळीसुद्धा त्यानेच घेतली होती.

दोन वर्षांपूर्वी जुलैत, साइटवरच, त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालायला लागला आणि बोलणं जवळजवळ बंद झालं. "नाय", "च्या" म्हणजे चहा, आणि बायकोचं नाव, "मालू", एवढे तीन शब्द उरले. कंपनीने हिशेब नीट केला, पण नोकरी संपली आणि नोकरीबरोबर व्हिसाही. तेव्हा त्याची मुलगी भक्ती, जी इथेच वाढली, घरीही बहुतेक इंग्रजीतच बोलायची आणि राजधानी मनामातल्या एका ऑफिसात नुकतीच कायम झाली होती, तिने आईवडिलांना स्वतःच्या व्हिसावर घेतलं. गावी परत जावं असं मालूच्या मनात होतं. भक्ती म्हणाली, इथे व्यायाम चांगला चाललाय, एक वर्ष थांबू या. एकाची दोन वर्षं झाली.

या दोन वर्षांत विठ्ठल दवाखाना सोडून कुठे गेला नाही. लोकांना वाटायचं, त्याला लाज वाटते. खरं कारण मालूला ठाऊक होतं. बाहेर संडास लांब असला, पायऱ्या असल्या, वेळेवर पोचता आलं नाही तर काय, ही धास्ती त्याने घेतली होती. म्हणून भक्तीने मोटारहोम भाड्याने घ्यायचं ठरवलं. आत पलंग, शेगडी आणि चार पावलांवर संडास. घरच बरोबर घेऊन जायचं, असं तिने आईला समजावलं. जायचं कुठे हेही पक्कं होतं. मुहर्रकच्या पलीकडे पुलाने जोडलेलं एक छोटं बेट आहे. विठ्ठलने तिथल्या किनाऱ्याची मोजणी केली होती, आणि तिथला सूर्योदय मालूला दाखवायचा असं तो वर्षानुवर्षं म्हणत आला होता. सुट्टीच्या दिवशी त्याला झोप प्यारी, आणि ते राहूनच गेलं.

बेटावर मुक्कामाच्या जागा दोन होत्या. एक अगदी टोकाला. फोटोत गाडीच्या दारापासून वीस पावलांवर निळं पाणी, पांढरी सपाट जमीन, मधे काही नाही. दुसरी जुन्या मासेमारी धक्क्याच्या बाजूला. तिथे शिंपल्यांचे ढीग, एक पडकी भिंत, आणि पाणी बघायला थोडं चालत जावं लागे. भक्तीने आठवडाभर फोनवर सगळ्यांची मतं वाचली. टोकाच्या जागेला सगळे पाच चांदण्या देत होते. तिने फोटो मोठा करून बाबांच्या समोर धरला.

"नाय," विठ्ठल म्हणाला.

तिने दुसरा फोटो दाखवला, संध्याकाळचा. पुन्हा "नाय". तिने फोन खाली ठेवला आणि आत निघून गेली. मालू तिच्या मागे गेली. त्यांचं सगळ्यालाच नाय असतं, मनावर घेऊ नको, असं तिने समजावलं. भक्तीने इंग्रजीतच सांगितलं की तिला फक्त एकदा, एकाच गोष्टीला, हो ऐकायचंय. मग तिने टोकाची जागा ठरवून टाकली.

जानेवारीचा शुक्रवार होता. दोन दिवस आधी पाऊस पडून गेला होता आणि हवा स्वच्छ होती. भक्तीने साडेतीन टनांची ती गाडी सनदच्या गल्लीतून बाहेर काढली तेव्हा तिचे खांदे कानांना टेकले होते. विठ्ठल तिच्या शेजारी बसला होता. हमरस्त्याला लागल्यावर तो खिडकीबाहेर बघायला लागला, आणि पूल ओलांडताना पुढे वाकून बसला.

टोकाच्या जागेची देखभाल ताहिर नावाचा एक पेशावरी माणूस करत होता. त्याने हसून फाटक उघडलं. जमीन फोटोतल्यासारखीच होती, पांढरी, कोरडी, चकचकीत. पाणी खरंच वीस पावलांवर. भक्ती गाडी आत घेणार तेवढ्यात विठ्ठलने डाव्या हाताने तिचं मनगट धरलं. त्याला उतरायचं होतं.

मालूने त्याला उतरवलं. काठी टेकत तो फाटकाच्या आत चार पावलं गेला, डाव्या पायाची टाच जमिनीवर आपटली, थांबला, पुन्हा आपटली. मग मागे वळून त्याने तोंड उघडलं. ओठ हलले, काही आलं नाही. त्याने डोळे मिटले, मान हलवली आणि पुन्हा प्रयत्न केला.

"खाजण," तो म्हणाला.

भक्तीने हा शब्द कधी ऐकलाच नव्हता. बाबा काहीतरी निरर्थक बोलले असं वाटून ती घाबरली. मालू मात्र जागीच उभी राहिली. दोन वर्षांत हा चौथा शब्द होता.

"अगो, खाजण म्हणजे आपल्याकडची खाडीकाठची जमीन," मालूने सांगितलं. "वरनं सुकी दिसते, खाली नुसता चिखल. भरतीचं पाणी आतनं येतं. गुरं रुततात त्यात."

ताहिरला भक्तीने हिंदीत सांगितलं, तेव्हा तो म्हणाला की या मोसमात एकही गाडी अडकलेली नाही. भक्तीलाही तेच वाटत होतं. मालूने वाद घातला नाही. तिने नवऱ्याच्या हातातली काठी घेतली, त्याला भक्तीचा खांदा धरायला लावला, दहा पावलं पुढे गेली आणि काठी जमिनीत खुपसली. वरचं मिठाचं पांढरं पापुद्र्यासारखं कवच फुटलं आणि काठी हातभर आत गेली, जणू दह्यात. बाहेर काढली तर काळी, वासाची आणि ओली.

ताहिरने काठीवरचा चिखल बोटाने पुसून पाहिला. मग त्याने स्वतः एक लोखंडी सळई आणून आणखी दोन ठिकाणी तपासलं. पावसाआधी इथे छोट्या गाड्याच आल्या होत्या, हे त्याला तेव्हा आठवलं. अरबीत याला सबखा म्हणतात, असं तो म्हणाला. विठ्ठलने मान डोलावली. तो शब्द त्याने हजारदा वापरला होता, पण आज त्याच्या हाताला लागला तो गावाकडचाच.

"बाबा, तुम्हीच सांगा मग कुठे," भक्ती म्हणाली. मराठीत म्हणाली, आणि आपण मराठीत बोललो हे तिच्या लक्षातही आलं नाही.

ते धक्क्याच्या बाजूला गेले. विठ्ठलने तिथे दोन जागा नाकारल्या. तिसरीवर, पडक्या भिंतीच्या आडोशाला, त्याने तीनदा टाच आपटली आणि काठीने रेघ मारली. शिंपल्यांचा थर घट्ट होता. मग तो रेघेपाशी भिंतीला टेकून उभा राहिला आणि डावा हात वर केला. भक्ती गाडी मागे घ्यायला लागली. हात बाहेर गेला की तिकडे, आडवा झाला की थांब. लहानपणी झाडू उभा धरून ती बाबांबरोबर हाच खेळ खेळायची, त्यामुळे तिला विचारावं लागलं नाही. गाडी थांबल्यावर त्याने मालूकडून जवळजवळ भरलेली पाण्याची बाटली मागून घेतली आणि आत फरशीवर आडवी ठेवली. बाटलीतला हवेचा बुडबुडा एका टोकाला सरकला. त्याने एक बोट दाखवलं, म्हणजे एक फळी. भक्तीने मागच्या चाकाखाली फळी सरकवली, तेव्हा बुडबुडा मधोमध आला आणि तो खुर्चीत बसला.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिघांनी सूर्य उगवताना पाहिला. धक्क्यापर्यंतची वाट विठ्ठल आपल्या पायांनी चालला. मालू म्हणते, सूर्य आपल्याकडेही उगवतो, पण ज्याच्यासाठी हे स्वतः चालत आले, असा सूर्य मी पहिल्यांदाच पाहिला.

त्या दुपारी ताहिर खुंट्या आणि लाल फिती घेऊन आला आणि त्याने विठ्ठलला टोकाच्या जागेवर येण्याची विनंती केली. दोन तास ते दोघं फिरत होते. मऊ जमिनीच्या कडेने खुंट्यांची एक वाकडीतिकडी ओळ तयार झाली. संध्याकाळी एक कुटुंब मोठा कॅराव्हॅन घेऊन आलं आणि खुंट्या बघून फाटकापाशीच थांबलं. ताहिरने त्यांना धक्क्याकडे पाठवलं. त्यांनी विठ्ठलला लांबून हात केला. त्यानेही केला.

परत आल्यावर भक्तीने स्पीच थेरपिस्ट नाझिशला हे सगळं सांगितलं. नाझिश दोन वर्षं हिंदी आणि इंग्रजी शब्दांची चित्रं दाखवत होती. सफरचंद, खुर्ची, बस. तिने थोडा विचार केला आणि सांगितलं की पुढच्या वेळी घरचे शब्द आणा, त्यांच्या गावचे, आणि मला उच्चार शिकवा.

तेव्हापासून मालू आणि भक्ती रोज संध्याकाळी यादी करतात. मालू सांगते, भक्ती इंग्रजी अक्षरांत लिहून घेते. वय म्हणजे कुंपण, बांध, कोंड म्हणजे वाडी, पऱ्या म्हणजे ओढा, आगर म्हणजे नारळीची बाग. अर्धे शब्द भक्तीला नवे आहेत. फेब्रुवारीच्या शेवटी विठ्ठलचे एकतीस शब्द झाले होते. सगळे रोज येत नाहीत. काही दिवशी एकही येत नाही, आणि मग तो भिंतीकडे तोंड करून पडतो. पण परवा भक्तीने "पऱ्या"चा उच्चार चुकीचा केला, तेव्हा त्याने तिला थांबवलं, स्वतः नीट म्हणून दाखवला आणि तिने बरोबर म्हणेपर्यंत चहाचा कप उचलला नाही.