दोघींपैकी एकीने थांबायचं

वसईजवळ निर्मळला आमच्या वाडीत सोनचाफा आहे, आणि सोनचाफ्याला सुट्टी कळत नाही. उजाडायच्या आत कळ्या काढायच्या, पुड्या बांधायच्या आणि मुंबईच्या फूलबाजाराला जाणाऱ्या टेम्पोत द्यायच्या. एक दिवस आळस केला तर फूल झाडावरच उमलतं, आणि उमललेल्या फुलाला बाजारात कोणी विचारत नाही. घरात लग्न असो की मयत, कळ्या काढायला माणूस हवाच. पुरुष शिडी लावून वरच्या फांद्या बघायचे, खालचं सगळं आम्हा दोघी जावांकडे. म्हणून मी सून होऊन आले तेव्हापासून घरात एक रीत होती. दोघींपैकी एकीने बाहेर जायचं, एकीने थांबायचं.

माझी थोरली जाऊ, तिला मी वयनी म्हणते, कुणाच्या हळदीला गेली तर लग्नाला मी जायचे. माझ्या माहेरच्या पूजेला ती कधी आली नाही, तिच्या भावाच्या लग्नाला मी गेले नाही. बाहेर न्यायची बरी पर्स आमच्यात एकच होती. दुसरी घ्यायचं कोणाच्या डोक्यातही आलं नाही, कारण ती लागलीच नाही कधी. लेडीज सायकलही एकच. तीसेक वर्षं आम्ही एका चुलीवर काढली, शेजारशेजारच्या झाडांखाली उभं राहून सगळ्या गावाची उणीदुणी काढली, पण उंबऱ्याबाहेर दोघींनी मिळून काही म्हणजे काही पाहिलेलं नव्हतं. साधा चिंचोटीचा धबधबा नाही. लोक मुंबईहून येऊन त्यात भिजून जातात, आम्ही आपल्या पुड्या बांधतोय.

थोरले दीर गेल्यावर काही वर्षांनी वयनीच्या मुलाने पुण्यात घर घेतलं आणि आईला तिकडेच न्यायचं ठरवलं. नात लहान, सून नोकरीला. न जाण्यासारखं काही कारणच नव्हतं. वयनी चेहऱ्यावर काही न दाखवता पुड्या बांधत राहिली. मी मात्र घरभर भांडी आपटत फिरले. मला तिचं जाणं सहन होत नव्हतं आणि ते सांगताही येत नव्हतं.

माझ्या मुलीला ते कळलं असावं. ती दर रविवारी हेल्मेट चढवून सायकल हाणायला जाणाऱ्या ग्रुपमध्ये आहे. सगळी वसईतल्या फ्लॅटमधली मंडळी, आठवडाभर मुंबईला नोकऱ्या करणारी. त्यांचा जव्हारकडे डोंगरातल्या एका गावी दोन दिवस जायचा बेत होता. ती म्हणाली, "तू आणि मोठीआई दोघी जा त्यांच्याबरोबर. मी रजा घेते. बाबा आणि मी काढतो कळ्या."

"दोघी?" वयनीने विचारलं. नवऱ्याने आणि मी एकमेकांकडे पाहिलं. मुलगी हसायला लागली.

त्या रात्री मी मनाशी पक्कं केलं, की ही जायच्या आधी आम्ही दोघींनी शेजारी उभं राहून एक तरी गोष्ट बघायची. डोंगर असो, नदी असो, मला चालणार होतं. पुढे आठवायला काहीतरी दोघींचं असायला हवं, एवढंच होतं.

वसईजवळच्या वालीवहून आम्ही पहाटे निघालो. मागे टेम्पोत सायकली, पुढे मिनीबसमध्ये आम्ही. मी घरचीच लेडीज सायकल घेतली होती. वयनीला मुलीने कुणाची तरी गिअरची सायकल मागून आणून दिली होती, ती एवढी महाग आहे असं ऐकल्यापासून वयनी तिला हात लावतानाही पुसून लावत होती. आम्ही पंजाबी ड्रेसवर, ओढण्या कमरेला गुंडाळून. बाकीच्यांचे कपडे असे अंगाला चिकटलेले, की वयनी माझ्या कानात म्हणाली, "ही मानसं श्वास कशी घेतात गो?" मला बसमध्ये हसू आवरेना.

जव्हारच्या पुढे सायकली उतरवल्या. भाद्रपद संपत आलेला, दोन्ही बाजूंना नाचणी आणि खुरासणीची हिरवी शेतं, रस्ता कधी वर कधी खाली. बाकीचे बघताबघता वळणापलीकडे गेले. आम्ही चढ आला की उतरून ढकलायचो आणि उतार आला की दोघी एकदम ओरडायचो. साठीला आलेल्या बायका, पण ओरडत होतो. वयनी एका उतारावर मला मागे टाकून गेली आणि खाली जाऊन ऐटीत उभी राहिली. इतकी मोकळी मी तिला कधी पाहिली नव्हती. दिवसभर नुसतं तेवढंच केलं असतं तरी चाललं असतं, असं आता वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुप लांबच्या धबधब्याला निघाला. आम्हाला ते जमण्यासारखं नव्हतं. ग्रुपमधल्या एका मुलीने सांगितलं, की गावाच्या मागे एक कडा आहे, अर्ध्या तासाची वाट आहे, वरून सगळी दरी दिसते. तुम्ही तेवढं करा, दुपारी आम्ही गाडी घेऊन येतो. आम्ही दोघी सायकलीवर गावाच्या शेवटच्या घरापर्यंत गेलो. तिथून पुढे पायवाट, सायकल न जाणारी.

शेवटच्या घराच्या ओटीवर एक बाई काकड्या विकायला बसली होती. तिने आमच्याकडे पाहिलं, सायकलींकडे पाहिलं आणि म्हणाली, "इथं लावा नि जा दोघी. कोन नेतं इथून? मी हाय ना."

आणि मग आमचं सुरू झालं.

"तू जा गो आधी," वयनी म्हणाली. "मी थांबते."

"नाही, तू जा. तू मोठी. मी बसते इथं."

"अगो, तुझे पाय धड आहेत तोवर जाऊन ये."

"तुझेच गुडघे नंतर कुरकुरतील. आधी तू जा."

बराच वेळ आम्ही भांडलो. मोठ्या प्रेमाने भांडलो. पण भांडण होतं ते आधी कोणी जायचं यावर. एकीने थांबायचं, हे दोघींनी गृहीतच धरलं होतं. त्या बाईने एकदा तोंड उघडलं आणि आमचा सूर ऐकून परत मिटलं. शेवटी मी जिंकले. वयनी काठी घेऊन वर गेली आणि मी सायकलींपाशी बसले. मला अगदी समाधान वाटत होतं, कारण तिला मी पुढे पाठवलं होतं. काकडी मीठ लावून खाल्ली, त्या बाईच्या सुनेच्या तक्रारी ऐकल्या.

बऱ्याच वेळाने वयनी कड्यावर दिसली. एवढीशी. तिने कमरेची ओढणी सोडली आणि दोन्ही हातांनी जोरजोरात हलवली. मीही उभी राहून माझी ओढणी हलवली. ती परत हलवत राहिली, मीही हलवत राहिले. मग ती खाली बसली आणि मला दिसेनाशी झाली.

उतरून आली तेव्हा तिचा चेहरा लाल झाला होता. "एवढी बोलवत होते तुला, आली का नाहीस?"

"मला वाटलं, पोचलीस ते सांगतेयस."

"पोचले ते तुला दिसत नव्हतं काय?" ती ओटीवर टेकली. "वर गेल्यावर माझ्या ध्यानात आलं गो. म्हटलं, आपण ही काय खुळ्यासारखी पाळी लावली? घरी कळ्या काढायला माणसं आहेत. सायकलीला बाई बसलीय. मग तू खाली कशाला बसलीयस?"

मी म्हटलं, चल, आता दोघी जाऊ. ती उठली, दहा पावलं आली आणि गुडघा धरून उभी राहिली. तिथूनच म्हणाली, "जा तू. निदान बघून तरी ये."

मी गेले ती रागाने गेले. वाटेत एकदाही थांबले नाही. वर पोचले तोवर दरीतून धुकं चढून आलेलं, माझ्या पुढचं गवतसुद्धा धड दिसत नव्हतं. मी तरी उभी राहिले. कुठूनतरी गुरांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू येत होत्या. खाली वयनी असणार म्हणून मी एकदा हाक मारली. तिला ती ऐकू गेली नाही.

खाली आल्यावर मी खरं ते सांगितलं. काहीच दिसलं नाही. वयनीने मान फिरवली. मग आपल्यालाच काहीतरी परत द्यायचं आहे अशा घाईने ती सांगायला लागली, की खाली नदी कशी दोन फाट्यांनी जाते, मध्ये एक बेट आहे, त्यावर एकच झाड आहे, पलीकडे लाल कौलांची शाळा आहे आणि मैदानात मुलं धावत होती. गाडी येईपर्यंत ती सांगत होती. मी सगळं ऐकून घेतलं.

घरी आलो तर मुलीने आणि नवऱ्याने कळ्या उत्तम काढल्या होत्या. आमच्यावाचून काही अडलं नव्हतं. मुलीने हौसेने विचारलं, "कसं वाटलं दोघींना?" वयनी म्हणाली, "छान होतं," आणि अंघोळीला गेली. दिवाळीच्या आधी मुलगा गाडी घेऊन आला आणि तिला घेऊन गेला.

आता कळ्या काढायला आम्ही एक जोडपं कामाला ठेवलं आहे. मी कधीही कुठेही जाऊ शकते. मुलगी दोनदा म्हणाली, परत जाऊ या त्या गावाला, आता आकाश स्वच्छ आहे. मी टाळलं. दरी बघायची हौस मला कधी नव्हतीच, हे तिला कसं सांगायचं?

परवा वयनीचा व्हिडिओ कॉल आला. मांडीवर नात. नात आता चांगली बोलते. ती मला म्हणाली, "छोटी आजी, तू आणि आजी सायकलवर डोंगरावर गेल्या होता ना? दोघी एकदम वर उभ्या होता ना? आजीने मला सांगितलं."

मी वयनीकडे पाहिलं. ती नातीच्या केसांत बोटं फिरवत होती, वर बघत नव्हती.

"हो," मी म्हटलं.

"मग काय दिसलं?"

"खाली नदी होती. दोन फाट्यांची. मध्ये बेट, त्यावर एकच झाड. आणि पलीकडे लाल कौलांची शाळा."

"दोघींना दिसली?"

"दोघींना," मी म्हटलं. नातीला मांडीवरून उतरवून वयनी डोळे पुसायला आत गेली. ते खरं असायला हवं होतं.