डिंकानं चिकटवलेला स्पीकर मी बदलणार नाई

मंडळी, काल याच ग्रुपवर तुमी मले शिकवलं की पन्नासच्या दशकातला असला तरी फाटका स्पीकर भंगारच.

म्हणून आज ग्रुपमधलेच वरोऱ्याचे विलासभाऊ त्याच काळातला आपला विलायती फुल-रेंज स्पीकर घेऊन पोंभुर्ण्याले माझ्या घरी आले, दोन्ही लावून पाहाले. माझा स्पीकर आजोबांच्या रेडिओतला, कागदी पडदा फाटला तिथी डिंकानं चिकटवलेला.

खोका तोच सागवानी, अ‍ॅम्प्लिफायर तोच, अन् आजोबांनी गायलेल्या भजनाची कॅसेटही तीच.

आधी भाऊंचा लावला. बास जबरदस्त, टाळ कसे खणखणीत! खोटं काऊन बोलू? आई बाजूले मोहफुलं निवडत बसली होती. तिनं मानही वर केली नाई.

मग माझा लावला. बास नाई, वरून खरखर. पण आजोबांनी सूर लावला अन् आईचा हात झटकन डोक्यावर गेला. सासऱ्यासमोर घ्यायची तसाच पदर घेतला तिनं. त्यांना जाऊन कितीक वर्षं झाली!

विलासभाऊ म्हणाले, "पण याच्यात बास कुठी हाय?"

म्हटलं, "नसू द्या भाऊ. आजोबा हायेत ना."

आता बोला मंडळी, काऊन बदलू?