मेइतामेईची उडी

मेइतामेई उडी मारायचा छान, पण अंगानं वाळल्या चामड्यासारखा ताठ. वाकला तर बोटं जेमतेम गुडघ्याखाली पोचायची. दुष्काळातून त्याच्या चार कालवडी तेवढ्या वाचल्या होत्या, पण त्यांना गाभण करायला वळू नव्हता. आणि त्या वर्षी उडीच्या स्पर्धेत, उंच बांधलेल्या दोरीला जो डोकं लावील, त्याला वळू मिळणार होता.

किरिओन्की शहरात शिकून खेळाचा मास्तर झालेला. तो, मेइतामेई आणि मी, आम्हा तिघांची सुंता एकाच सकाळी, एकाच पात्यानं झाली होती. असा सोबती सांगेल ती आमच्यात काळ्या दगडावरची रेघ.

"गड्या, अंग मोकळं कर, मग बघ," तो म्हणाला.

गुरं चरायला लागली की मेइतामेई बाभळीला पाय लावून पोटऱ्या ताणायचा. बायका म्हणायच्या, "झाड पाडतोस की काय रे?" तीन महिन्यांत त्याचे तळवे जमिनीला टेकले. उडीही चार बोटं वाढली.

स्पर्धेत किरिओन्कीही उतरला. त्या सकाळी उडीआधी त्यानं मेइतामेईला बाजूला नेऊन कितीतरी वेळ पाय ताणून धरायला लावले. "आणखी धर. जितकं ताणशील तितकं उडशील!" स्वतः मात्र तो जागच्या जागी हलक्या उड्या मारत होता. मी ते पाहिलं आणि मूर्खासारखा गप्प बसलो.

मेइतामेईची उडी दोन बोटं कमी पडली. वळू किरिओन्कीनं नेला.

आठवड्यानं शाळेवरून जाताना मला किरिओन्की पोरांना शिकवताना ऐकू आला, "उडीच्या तोंडावर फार वेळ ताणून धरायचं नाही. पायातला जोर उतरतो."

माझं डोकंच फिरलं. मेइतामेईला ओढत त्याच्यापुढे नेलं.

"रोजच्या ताणण्यानं फायदा झालाच ना?" किरिओन्की म्हणाला. "ते कुणी शिकवलं? एका सकाळचं काय घेऊन बसलात!"

मी काठी उगारली. मेइतामेईनं माझा हात धरला. त्याचे डोळे भरले होते.

"वळू हवा होता तर मागायचास रे," तो म्हणाला. "जिंकून तुझ्या दारात आणून बांधला असता. सोबत्यानं मागितलं तर नाही म्हणतो का आपण?"

किरिओन्कीचा चेहरा उतरला. "घेऊन जा वळू," तो पुटपुटला.

मेइतामेईनं पाठ फिरवली. किरिओन्कीचा गोठा मेइतामेईच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. तरी कालवड माजावर आली की तो तिला दिवसभर चालवत परक्याच्या वळूकडे नेतो.