मामाजींचं कोहळं

माझे मामेसासरे, म्हणजे बायकोचे सख्खे मामा. एखाद्या भाजीवर इतका जीव टाकणारा आणि तीच भाजी ताटात आली की नाक मुरडणारा दुसरा माणूस नवेगाव बांधापासून गोंदियापर्यंत शोधून सापडायचा नाही. ती भाजी म्हणजे कोहळं, पुण्यामुंबईकडे ज्याला लाल भोपळा म्हणतात ते. मामाजींनी जन्मभर पाटकऱ्याची नोकरी केली. कालव्याचं पाणी कोणाच्या धानाच्या बांधीत किती वेळ सोडायचं, एवढंच त्यांनी तीस वर्षं पाहिलं. निवृत्त झाल्यावर कोणीतरी त्यांना मोबाइलवर एक परदेशी कोहळं दाखवलं. ते इतकं मोठं होतं की आतून कोरून त्यात एक माणूस बसला होता आणि वल्हं मारत तळ्यातून चालला होता. मामाजींनी ते सात वेळा पाहिलं आणि गावच्या तलावाकडे बोट दाखवत म्हणाले, "आपल्याकडं एवढा मोठा बांध हाये. मंग आपल्याकडं काऊन नाई?"

पोस्टानं चार बिया आल्या. पहिल्या वर्षी त्यांनी पावसाळ्यात दोन लावल्या, त्या आठ दिवसांत कुजल्या. तिसरी उन्हाळ्यात लावली, ती वेल वैशाख लागायच्या आधीच करपली. तेव्हा त्यांना उमगलं की या पाहुणीला थंडीच मानवते. धान निघाल्यावर लावलेली चौथी मात्र टिकली. तिच्या फुलाशी त्यांनी मामींच्या घरामागच्या बाडीतल्या गावठी कोहळ्याचं लग्न लावलं. विलायती अंगाचं आणि झाडीपट्टीचं ऊन सोसणारं असं बी त्यांना हवं होतं. त्या वर्षी फळ काही गावठी झालं नाही, तेव्हा शेजारचे तात्या म्हणाले की तुमचं कलम फसलं. मामाजी शांतपणे म्हणाले, "बाप फळात दिसत नाई, बियात जाते. यंदा माय पाहून घे. बाप पुढच्या साली दिसन."

या सगळ्याची त्यांच्याकडे वही होती. प्रत्येक वेलीची आई, बाप, आजी, आजा, वजन, साल जाड की पातळ, सारं त्यात लिहिलेलं. सवय इतकी हाडीमाशी भिनली की धाकट्या भाचीला, म्हणजे माझ्या मेहुणीला, पाहायला पाहुणे आले, मुलाचे वडील मुलाच्या उंचीचं कौतुक करू लागले, तेव्हा मामाजी म्हणाले, "पोरगा उंच हाये, ते दिसूनच राहिलं. त्याचा आजा केवढा होता?" पाहुण्यांना वाटलं, माणूस मोठा चौकस आहे. सोयरिक जमली.

फुलांची लग्नं मात्र ते कोणावर सोपवत नसत. मादी फूल उद्या उमलणार हे त्यांना आदल्या संध्याकाळी कळे. मग मधमाशीनं परस्पर काही करू नये म्हणून त्यावर मामींच्या जुन्या लुगड्याची पिशवी बांधायची आणि उजाडताना आंघोळ करून, नर फूल हातात घेऊन हजर व्हायचं. माझ्या मुलीच्या बारशाला ते तासभर उशिरा आले. नाकाला पिवळा पराग लागलेला. मामींनी सगळ्यांसमोर विचारलं, "कोणाचं बारसं करून आले?"

फळ धरलं की वेलीवर एकच ठेवायचं, बाकीची खुडायची. वेलीची पेरं मातीखाली दाबायची, म्हणजे प्रत्येक पेराला मूळ फुटतं. बांधातला गाळ, मासळी धुतलेलं पाणी, फळाखाली वाळूची गादी, वर सावलीला लुगडं. एकदा थंडीत आम्ही मुक्कामाला गेलो, तर पांघरुणं कमी पडली. नवी दुलई कोहळ्यावर होती. मी पाहुणा असल्याची आठवण बायकोनं करून दिली, तेव्हा मामाजी म्हणाले, "जवाईबुवा काय, त्यायचं वाढायचं वय गेलं."

पाचव्या वर्षीचं कोहळं मात्र खरंच अचाट झालं. शिंप्याची टेप पुरेना म्हणून दोन टेपा जोडून शिवल्या. लोक अर्जुनीहून बस धरून पाहायला येऊ लागले. तालुक्याच्या कृषी प्रदर्शनाला पंधरा दिवस उरले होते आणि ते उचलून न्यायला किती गडी लागतील यावर गावात वाद चालले होते. त्याच आठवड्यात मामी न्हाणीत घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं.

मामाजी त्यांना घेऊन गोंदियाला दवाखान्यात गेले. निघताना मला एवढंच म्हणाले, "जवाईबुवा, रोज सकाळी दोन बकेटी. मोजून. जास्त नाई, कमी नाई." मी अर्जुनीच्या शाळेत मास्तर. तिथून रोज मोटारसायकलनं शेतावर जाऊ लागलो. चार दिवस नीट पाणी घातलं. मग परीक्षेच्या कामात दोन दिवस जाणं झालं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी धावत गेलो, तर पानं माना टाकून पडलेली. मी पंपाची मोटार सुरू केली आणि अर्धा तास पाणी सोडलं. दुपारी पानं अशीच पडतात आणि संध्याकाळी आपली आपण उभी राहतात, हे मला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर कोहळं देठापासून वीतभर फाटलेलं.

फोनवर सांगायचा धीर झाला नाही. गोंदियाला गेलो. मामाजी खाटेजवळ बसून मामींना चमच्यानं पेज भरवत होते. मी सगळं सांगून टाकलं. त्यांचा चमचा क्षणभर थांबला.

"पाणी एकदम देल्लं?"

"हो, मामाजी. अर्धा तास."

"बी पांढरं पडलं का भरलं होतं?"

"फटीतून भरलेलं दिसलं."

"मंग झालं," ते म्हणाले आणि चमचा पुढे केला. मामींचे मात्र डोळे भरून आले. पाच वर्षं त्या कोहळ्याला सवत म्हणत होत्या. त्या म्हणाल्या, "तुमी तिथं राहिले असते तं फाटलं नसतं." मामाजी म्हणाले, "तिथं राहून काय करतो? इथं पेज कोण भरवते?"

कोहळं शेतातच कापलं. गावभर वाटून उरलं ते शाळेच्या खिचडीत गेलं. प्रदर्शनात त्या वर्षी कोणाच्या तरी दुधी भोपळ्याला बक्षीस मिळालं.

मामी घरी आल्या, पण शेतापर्यंत चालणं काही पुन्हा जमलं नाही. मागच्या थंडीत मी गेलो, तर मामाजी घरामागच्या बाडीत, ओसरीला लागून, वेलीची पेरं मातीत दाबत होते. वर दोन मोठी आंब्याची झाडं, गडद सावली. फळ तांब्याएवढं धरलं होतं आणि त्यापुढे वाढायची काही लक्षणं नव्हती. मी म्हटलं, "मामाजी, शेत सोडून इथं कायले? इथं ऊन कुठं पुरते?"

"नाई पुरत," ते मान वर न करता म्हणाले. "घागरीएवढंबी होत नाई इथं. पण तिले खाटेवरून दिसते."

आतून मामींचा आवाज आला, "डावीकडचं पेर उघडं राहिलं." मामाजींनी ओंजळभर माती घेतली आणि ते झाकलं.