सिग्नलवरचं पद्मासन

कात्रजच्या बसमध्ये शेजारच्या बाईंचा एक विचित्र उद्योग चालला होता. सिग्नल लागला की त्या चप्पल काढायच्या, उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून डाव्या मांडीवर ठेवायच्या आणि बस हलली की कण्हत खाली सोडायच्या. पन्नाशी उलटलेली, केसांना कलप, पदर पिनेने पक्का. त्यांचा गुडघा माझ्या डब्यावर पुन्हा आपटला तेव्हा मी म्हटलं, "अहो, ही सीट दोघींची आहे."

"सॉरी हं. पद्मासन जमतंय का बघतेय. नोकरीचा प्रश्न आहे."

बाई हडपसरच्या एका शाळेत आयुष्यभर इंग्रजी शिकवत आल्या होत्या. एकुलती एक मुलगी व्हिएतनामला असते. तिच्याजवळ राहता यावं म्हणून त्यांनी तिथल्या एका क्लासमध्ये इंग्रजीच्या शिक्षिकेसाठी अर्ज केला. उत्तर आलं, ज्या देशाची भाषाच इंग्रजी, तिथलाच पासपोर्ट हवा.

"मुलाखतसुद्धा घेतली नाही मेल्यांनी. वर लिहिलं, तुम्ही भारतीय आहात, तर योगशिक्षकाची जागा देतो."

"योगासनं येतात तुम्हाला?"

"छे हो! खाली जेवायला बसले तर उठवायला दोन माणसं लागतात. पण ते विचारलंच नाही. पासपोर्ट बघूनच खूश झाले."

"आणि शिकवणार कुठल्या भाषेत?"

पुढे सिग्नल लाल झाला. बाईंनी शांतपणे चप्पल काढली.

"इंग्रजीत. योगासाठी माझं इंग्रजी चालतं त्यांना."